मागचा एमआरआय कुठे आहे?

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,


मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. दिवसभर एमआरआय आणि सीटी वाचणं हा माझा व्यवसाय. हे पत्र मेंदूच्या घातक गाठींबद्दल, त्यातही ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक गाठीबद्दल आहे. आपल्या दोघांना मिळून लिहिते आहे, कारण जिल्हा रुग्णालयं एका खात्याकडे आहेत आणि वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्याकडे. या आजाराचा रुग्ण मात्र सतत दोन्हींच्या मध्ये फिरत असतो. त्याच्याबरोबर त्याचे स्कॅन फिरायला हवेत. ते फिरत नाहीत. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

राज्यात नवी एमआरआय यंत्रं येत आहेत आणि ती यायलाच हवीत. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला डोक्याच्या एका तपासणीसाठी दोन दिवस घालवावे लागू नयेत, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण यंत्र बसलं, फीत कापली, म्हणजे काम झालं ही समजूत फार पक्की रुजलेली दिसते. खरेदीच्या चर्चेत चुंबकाच्या ताकदीचा, म्हणजे टेस्लाचा आकडा असतो, वॉरंटीची वर्षं असतात. त्या यंत्रावर काढलेल्या प्रतिमा कुठे साठवल्या जाणार, दुसऱ्या गावच्या डॉक्टरला त्या कशा दिसणार, मेंदूच्या गाठीची तपासणी कोणत्या ठरलेल्या पद्धतीने होणार, हे विचारलं की समोरची मंडळी गप्प होतात.

कवटीच्या आतलं काहीच दिसत नव्हतं, तो काळ फार जुना नाही. 1918-19 मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी या सर्जनने मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा सोडून एक्स-रे काढायची पद्धत आणली. पोकळी एका बाजूला सरकलेली दिसली की दुसऱ्या बाजूला गाठ असावी, असा तर्क. रुग्णाला त्यानंतर भयंकर डोकेदुखी आणि उलट्या होत. 1927 मध्ये पोर्तुगालमध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचे एक्स-रे काढले. तिथेही गाठ दिसायची नाही, तिने ढकललेल्या वाहिन्या दिसायच्या. पुढची चार दशकं जगभरचे न्यूरोसर्जन अशा आडून आलेल्या पुराव्यावर कवटी उघडत होते.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका स्त्रीच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. रुग्णावर झालेला जगातला हा पहिला सीटी. यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं, ते ईएमआय या कंपनीत अभियंता होते, गाण्यांच्या रेकॉर्डवरून आपल्याला नाव माहीत असलेली तीच कंपनी. एकेका कापाला काही मिनिटं लागत होती, माहिती टेपवर भरून दुसरीकडच्या संगणकावर न्यावी लागत होती आणि हाती येणारी प्रतिमा होती 80 गुणिले 80 ठिपक्यांची. आजच्या मोबाईलच्या पडद्यावर ती टिकलीएवढी दिसेल. पण रेडिओलॉजिस्ट जेम्स अँब्रोज यांना त्या प्रतिमेत मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ दिसली आणि शस्त्रक्रियेत ती तिथेच निघाली. 1979 मध्ये हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. मग एमआरआय आला. पॉल लॉटरबर यांचा पहिला निबंध 1973 चा, आणि पीटर मॅन्सफील्ड यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळायला 2003 उजाडलं.

इथवर गोष्ट यंत्राची आहे. पुढची गोष्ट वाचण्याची आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे घोडं तिथेच अडलंय.

एमआरआयच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. मेंदूच्या निरोगी रक्तवाहिन्या हे औषध बाहेर झिरपू देत नाहीत. गाठीने वाढवलेल्या नव्या वाहिन्या कच्च्या आणि गळक्या असतात, तिथून औषध पाझरतं आणि प्रतिमेत पांढरी कडी उमटते. ग्लायोब्लास्टोमाची ती जाड, वेडीवाकडी, मधोमध काळी पडलेली कडी एकदा पाहिलेला डॉक्टर ती विसरत नाही. नातेवाईक फिल्म उजेडाकडे धरतात तेव्हा त्यांनाही ती दिसते आणि ते बोट ठेवून विचारतात, "मॅडम, हीच का गाठ?"

उत्तर सोपं नाही. ती कडी म्हणजे गळती आहे. गाठीच्या पेशी कडीच्या कितीतरी बाहेर, फ्लेअर नावाच्या प्रतिमेत जो भाग सुजल्यासारखा दिसतो त्यात आणि त्याच्याही पलीकडे पोहोचलेल्या असतात. उलट, रेडिएशननेही वाहिन्या गळक्या होतात. मग गाठ मरत असतानाही कडी मोठी दिसू शकते. बेव्हासिझुमॅबसारखं औषध वाहिन्यांची गळती थांबवतं, तेव्हा कडी काही दिवसांत फिकी पडते आणि गाठ आत तशीच असते. सूज उतरवायला दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉईडनेही चित्र बदलतं. म्हणजे एकच पांढरा रंग, आणि तो कमी-जास्त होण्याची कारणं चार.

2005 पासून या आजाराचा प्रमाण उपचार ठरला आहे. शक्य तेवढी गाठ काढायची, मग सहा आठवडे रेडिएशन आणि त्याबरोबर व नंतरही टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांच्या त्या चाचणीत रुग्णांचं मध्यक आयुष्य 12.1 महिन्यांवरून 14.6 महिन्यांवर गेलं. आकडा लहान आहे, पण ज्यांच्या घरात हा आजार आलाय त्यांना अडीच महिने म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. याच उपचाराबरोबर रेडिओलॉजिस्टपुढे एक नवा पेच उभा राहिला. रेडिएशन संपल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांत काही रुग्णांची कडी मोठी होते आणि पुढे काहीही न बदलता आपोआप लहान होते. अभ्यासागणिक आकडा वेगळा येतो, पण दहांत एक ते तीन जणांत असं घडतं. या खोट्या वाढीला डॉक्टर सूडोप्रोग्रेशन म्हणतात. एमजीएमटी नावाच्या जनुकाचं मेथिलेशन असलेल्या रुग्णांत ती जास्त आढळते, आणि नेमक्या याच रुग्णांना टेमोझोलोमाइड अधिक लागू पडतं. ज्याला औषध चांगलं लागू पडतंय त्याचाच एमआरआय घाबरवणारा दिसावा, आणि त्या भीतीपोटी तेच औषध बंद व्हावं, हा धोका रोजचा आहे.

म्हणूनच जगभरच्या तज्ज्ञांनी वाचण्याचे नियम बसवले. 1990 चे मॅकडोनाल्ड निकष फक्त कडीची लांबी-रुंदी मोजत. 2010 मध्ये रानो नावाचे निकष आले. त्यांनी फ्लेअरवरचा बदल, स्टेरॉईडची मात्रा आणि रुग्णाची प्रत्यक्ष प्रकृती हिशेबात धरली. रेडिएशननंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत किरणांच्या पट्ट्यातच कडी वाढलेली दिसली तर एवढ्यावरून आजार वाढला म्हणू नये, असंही बजावलं. 2023 च्या सुधारित निकषांनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. नव्याने निदान झालेल्या रुग्णासाठी रेडिएशन संपल्यावर साधारण चार आठवड्यांनी काढलेला एमआरआय हा पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया धरायचा, आणि पहिल्या बारा आठवड्यांत शंका आली तर पुन्हा एमआरआय काढूनच खात्री करायची.

महोदय, या नियमांत महागडं काही नाही. तारीख आहे, मोजमाप आहे आणि मागच्या प्रतिमेशी तुलना आहे. आमच्याकडे नेमक्या याच तीन गोष्टी नसतात.

एक उदाहरण सांगते. चाळिशीतला एक शेतकरी, उजव्या बाजूच्या गाठीची शस्त्रक्रिया एका शहरात, रेडिएशन दुसऱ्या शहरात, आणि डोकं पुन्हा दुखायला लागलं म्हणून एमआरआय आमच्याकडे. मागणीच्या कागदावर एवढंच, ‘एमआरआय ब्रेन विथ कॉन्ट्रास्ट’. शस्त्रक्रियेची तारीख नाही, रेडिएशन कधी संपलं ते नाही, स्टेरॉईड चालू आहे का ते नाही. बरोबर प्लास्टिकच्या पिशवीत तीन फिल्म. एकेका फिल्मवर वीस प्रतिमा, प्रत्येक अंगठ्याएवढी, पाच मिलिमीटर जाडीच्या कापांची. दोन वेगवेगळ्या यंत्रांवर, डोकं वेगवेगळ्या कोनात ठेवून काढलेल्या. सीडी होती, ती उघडली नाही. आमच्या एमआरआयमध्ये कडी ठळक होती. मागच्यापेक्षा मोठी होती का? एकाच शेताची मोजणी एकदा एका साखळीने आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याच साखळीने केली तर बांध सरकला की नाही, हे कुठलाही भूकरमापक सांगू शकणार नाही. मी त्याच जागी होते.

त्याच्या भावाला बाहेर बसवून एक-एक विचारत गेले. शेवटचं रेडिएशन कधी झालं? तो म्हणाला, पोळ्याच्या आधी. पंचांग काढून हिशेब केला, सहा-सात आठवडे होत होते. रेडिएशन सेंटरला फोन करून तारीख पक्की केली. अहवालात लिहिलं की ही खोटी वाढ असण्याची शक्यता आहे, गोळ्या बंद करण्याचा निर्णय यावरून घेऊ नये, सहा आठवड्यांनी याच यंत्रावर पुन्हा तपासणी करावी. दुसऱ्या वेळी कडी लहान झालेली होती. त्याचा आजार बरा झाला असं मी म्हणत नाही. पण चुकीच्या वेळी औषध थांबलं नाही, आणि ते पोळ्याच्या आठवणीवर ठरलं. ही व्यवस्था म्हणता येणार नाही.

आता परफ्यूजनबद्दल. कारण फारसा पैसा खर्च न करता सर्वांत मोठा फायदा कुठे असेल तर तो इथे आहे. गॅडोलिनियम शिरेत वेगाने सोडलं आणि ते मेंदूतून जात असताना दर दीड-दोन सेकंदांनी प्रतिमा घेतल्या, तर कुठल्या भागात रक्ताचं प्रमाण किती आहे याचा नकाशा मिळतो. जिवंत, वाढणाऱ्या गाठीत रक्त जास्त खेळतं. रेडिएशनने करपलेल्या भागात ते कमी असतं. कडी दोन्हीकडे सारखीच दिसते, नकाशा वेगळा दिसतो. शंभर टक्के खात्री त्यातूनही मिळत नाही, मिश्र चित्र पुष्कळदा येतं, पण अंधारात चाचपडण्यापेक्षा कितीतरी बरं. या भागाला लागतात जेमतेम दोन मिनिटं. औषध तेच, जे एरवीही द्यायचंच असतं. हवा असतो तो चालू स्थितीतला प्रेशर इंजेक्टर, हाताच्या शिरेत जरा जाड सुई, आणि तंत्रज्ञाला दिलेलं दोन दिवसांचं प्रशिक्षण. माझ्या ओळखीच्या सरकारी आणि खासगी दोन्ही ठिकाणी दीड टेस्लाची उत्तम यंत्रं आहेत आणि परफ्यूजन होत नाही. कुठे इंजेक्टर घेतलाच नाही, कुठे त्याचा देखभालीचा करार संपला, कुठे तो चालू आहे पण "रांग मोठी आहे, वेळ कुठून आणायचा" असं उत्तर मिळतं. कोट्यवधींच्या यंत्राजवळ दोन मिनिटं नसावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डिफ्यूजन, म्हणजे पेशींच्या दाटीचा अंदाज देणारी प्रतिमा, सुदैवाने सगळीकडे होते, पक्षाघातासाठी ती लागतेच. स्पेक्ट्रोस्कोपीने गाठीतल्या रसायनांचा आलेख मिळतो. 2012 मध्ये तर याच तंत्राने आयडीएच जनुकात बदल झालेल्या गाठींत साठणारं एक विशिष्ट रसायन बाहेरून ओळखता येतं हे दाखवलं गेलं. 2021 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हा आयडीएच बदल असलेली गाठ ग्लायोब्लास्टोमा मानतच नाहीत, तिचा मार्ग वेगळा आणि सहसा अधिक संथ असतो. तेव्हा सुई न घालता त्याचा सुगावा लागणं फार मोलाचं आहे. पण ते काम निष्णात हातांचं आहे, ते प्रत्येक जिल्ह्यात व्हावं असा माझा हट्ट नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या नकाशांबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. फंक्शनल एमआरआयमध्ये रुग्णाला बोटं हलवायला, शब्द आठवायला, चित्रं पाहून नावं मनात म्हणायला सांगतात आणि मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते पाहतात. ट्रॅक्टोग्राफीने हात-पाय हलवणाऱ्या तंतूंची वाट दिसते. गाठ या वाटेपासून किती लांब आहे, यावर सर्जन किती धीट होईल ते ठरतं. यात भाषेची चाचणी रुग्णाच्या बोलण्यातल्या भाषेतच घ्यावी लागते. विदर्भातल्या शेतमजूर बाईला तिच्या रोजच्या ओळखीची चित्रं आणि शब्द हवेत. विळा, उखळ, सूप, पाळणा. मराठीतली प्रमाणित शब्दमाला आणि चित्रमाला तयार करून राज्यातल्या सगळ्या केंद्रांना एकसारखी देणं हे आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांना सहज जमणारं काम आहे. त्यासाठी परदेशातून काही मागवावं लागत नाही.

शस्त्रक्रियेकडे येते. गाठ किती निघाली याचा निकाल सर्जनच्या डोळ्यांवर सोडता येत नाही. गाठीची कड मेंदूसारखीच दिसते. त्यासाठी दोन मोठी पावलं पडली. जर्मनीत वॉल्टर स्टुमर यांच्या 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना 5-एएलए नावाचं औषध पाजलं गेलं. निळ्या प्रकाशाखाली गाठ गुलाबी-लाल चमकते. कडीचा सगळा भाग काढता आलेल्या रुग्णांचं प्रमाण नेहमीच्या शस्त्रक्रियेत 36 टक्के होतं, औषध दिलेल्या गटात 65 टक्के. 2011 च्या दुसऱ्या जर्मन चाचणीत शस्त्रक्रियेच्या खोलीतच एमआरआय करून पाहिला, तेव्हा हे प्रमाण 68 वरून 96 टक्क्यांवर गेलं. शस्त्रक्रियेच्या खोलीतला एमआरआय आपल्या बहुतेक रुग्णालयांच्या आवाक्याबाहेर आहे, हे मला मान्य. पण शस्त्रक्रियेदरम्यान अल्ट्रासाऊंड वापरता येतो, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या न्यूरोसर्जन मंडळींनी नॅव्हिगेशनला जोडलेल्या त्रिमितीय अल्ट्रासाऊंडवर अनेक वर्षं चिकाटीने काम करून ते प्रसिद्ध केलं आहे. शिकायला लांब जायला नको.

आणि कोणतंही तंत्र वापरा, गाठ उरली की नाही हे कळतं शस्त्रक्रियेनंतरच्या एमआरआयवर. तोही 72 तासांच्या आत काढलेला हवा, शक्यतो 48. त्यानंतर जखमेच्या कडा स्वतःच औषध शोषून पांढऱ्या दिसू लागतात आणि उरलेली गाठ व भरून येणारी जखम यांत फरक करता येत नाही. वर सांगितलेल्या टक्केवाऱ्याही अशाच लवकरच्या एमआरआयवर मोजलेल्या आहेत. हा 72 तासांचा एमआरआय आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या पिशवीत क्वचित सापडतो. कारण तेच, रांग. वॉर्डातला रुग्ण आणि बाहेरून आलेला रुग्ण एकाच यादीत उभे केले की मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या दिवसाला कोणी वेगळं मोजत नाही. मग रुग्ण महिन्याभराने, डोक्याचे टाके काढून झाल्यावर, गावाजवळच्या केंद्रात एमआरआय करून घेतो आणि आम्ही अहवालात ‘उर्वरित गाठ की शस्त्रक्रियेचा परिणाम, सांगता येत नाही’ असं लिहितो. हे वाक्य लिहिताना मला दरवेळी लाज वाटते.

पेट स्कॅनचं थोडक्यात सांगते. नेहमीचा एफडीजी पेट साखरेवर चालतो आणि निरोगी मेंदूच भरपूर साखर खातो, त्यामुळे त्या उजळलेल्या पार्श्वभूमीवर गाठ नीट उठून दिसत नाही. अमिनो आम्लांचे ट्रेसर, उदाहरणार्थ एफईटी किंवा एफडोपा, निरोगी मेंदूत फारसे साठत नाहीत आणि गाठीत साठतात. खोटी वाढ ओळखायला ते चांगले उपयोगी पडतात. पण फ्लोरिन-18 चं अर्धं आयुष्य 110 मिनिटांचं, तेव्हा सायक्लोट्रॉनपासून काही तासांच्या वाटेवर असलेल्या शहरांनाच हे साधेल. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 पासून वैद्यकीय सायक्लोट्रॉन आहे, तो देशातला पहिला. राज्यात दोन-तीन ठिकाणी ही सोय व्हावी आणि बाकीच्यांनी ठरवून तिथे रुग्ण पाठवावेत. सगळीकडे सगळं असण्याची गरज नाही. कोणाला कुठे, कधी पाठवायचं हे मात्र लेखी ठरलेलं असावं.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आपल्याकडे प्रस्ताव येत असतील. मला त्याविषयी आस्था आहे. 2012 पासून ब्रॅट्स नावाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत संगणकाला गाठीची सीमा आखायला शिकवलं जातं. 2022 मध्ये सहा खंडांतल्या 71 संस्थांनी 6,314 ग्लायोब्लास्टोमा रुग्णांच्या माहितीवर एकत्र काम केलं, प्रतिमा आपापल्या रुग्णालयातच ठेवून. पण 2023 मध्ये ब्रॅट्स स्पर्धेत आफ्रिकेसाठी वेगळा विभाग काढावा लागला. श्रीमंत देशांतल्या नेटक्या, पातळ कापांच्या प्रतिमांवर शिकलेली प्रणाली जुन्या यंत्रांवरच्या आणि उशिरा आलेल्या मोठ्या गाठींच्या प्रतिमांवर अडखळते, हे लक्षात आलं होतं. आपल्याकडे आधी प्रतिमा साठवण्याची आणि एकसारख्या काढण्याची शिस्त नसेल तर कोणतीही विकत आणलेली प्रणाली इथेही अडखळेल. खर्च मात्र झालेला असेल.

एवढं सगळं लिहून मी एक गोष्ट लपवणार नाही. इमेजिंग कितीही सुधारलं तरी ग्लायोब्लास्टोमा आजही बरा होत नाही. उत्तम स्कॅनने बहुतेक रुग्णांचं आयुष्य वर्षांनी वाढत नाही. मग एवढा आटापिटा कशाला, असा प्रश्न खर्चाच्या फाइलीवर कोणीतरी लिहील. उत्तर असं की दीड वर्षाच्या आयुष्यात दोन महिने चुकीच्या उपचारात गेले, किंवा नको ती दुसरी शस्त्रक्रिया झाली, किंवा मुंबईला तपासणीसाठी जाऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत फुटपाथवर रात्री काढाव्या लागल्या, तर त्या माणसाकडे भरपाईला पुढचं आयुष्य नसतं. ज्याच्याकडे वेळ सर्वांत कमी, त्याचाच वेळ आपण सर्वांत जास्त वाया घालवतो. आणि ज्याची गाठ खरोखर वाढली आहे, त्यालाही ते वेळेत आणि निःसंदिग्ध कळलं पाहिजे. घरच्यांशी बोलायचं असतं, जमिनीचे कागद करायचे असतात, मुलीचं लग्न असतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि तिच्यामुळे गरिबांच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया होतात, हे मी रोज पाहते. पण उपचार संपवून घरी गेलेल्या माणसाला दर दोन-तीन महिन्यांनी जो एमआरआय लागतो, त्यासाठी बहुतेक कुटुंबं खिशात हात घालताना दिसतात. पैसे नसले की ती तारीख पुढे ढकलतात, किंवा औषधाशिवायचा स्वस्त एमआरआय करून आणतात, ज्यातून आम्हाला फारसं काही सांगता येत नाही.

तेव्हा मागणी अशी. दोन्ही खात्यांच्या सहीने एक परिपत्रक निघावं. मेंदूच्या गाठीच्या एमआरआयची किमान पद्धत त्यात राज्यभर एकच ठरावी. तयार नमुना 2015 पासून जगासमोर आहे. औषधाआधी आणि नंतर तंतोतंत सारख्या, मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीच्या त्रिमितीय प्रतिमा, टी-टू, फ्लेअर, डिफ्यूजन, आणि त्यात परफ्यूजनची भर. दीड टेस्लाच्या यंत्रावर हे सगळं होतं. शस्त्रक्रियेनंतर 72 तासांतला आणि रेडिएशननंतर चार आठवड्यांचा एमआरआय रांगेबाहेर व्हावा आणि तो, पुढच्या पाठपुराव्यासह, जन आरोग्य योजनेतून व्हावा. मागणीच्या कागदावर शस्त्रक्रियेची तारीख, रेडिएशन संपल्याची तारीख आणि स्टेरॉईडची मात्रा हे तीन रकाने छापावेत आणि ते भरल्याशिवाय कागद पुढे जाऊ नये. फिल्मवर भागवणं थांबवून मूळ डिजिटल (डायकॉम) प्रतिमा राज्याच्या सर्व्हरवर ठेवाव्यात. एका तपासणीला काहीशे एमबी लागतात, अशक्य काही नाही. रुग्णाच्या आभा क्रमांकाला, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याला, त्या जोडल्या आणि त्याच्या संमतीने कोणत्याही सरकारी वा योजनेतल्या खासगी डॉक्टरला उघडता आल्या की पिशवीची गरज संपेल. राज्याच्या वैद्यकीय खरेदी प्राधिकरणाने यापुढे एमआरआयच्या निविदेत प्रेशर इंजेक्टर, त्याच्या देखभालीचा करार आणि तंत्रज्ञांचं प्रशिक्षण यंत्राचाच भाग धरावं. गॅडोलिनियमही मॅक्रोसायक्लिक प्रकारचं घ्यावं. युरोपात 2017 मध्ये शरीरात साठण्याच्या कारणावरून त्याच्या दुसऱ्या, म्हणजे रेषीय (लिनिअर) प्रकारांपैकी बहुतेकांवर निर्बंध आले, आणि आमच्या रुग्णांना हे औषध वर्षात अनेकदा द्यावं लागतं. शेवटचं, अवघड एमआरआयसाठी आठवड्यातून एक दुपार राज्यस्तरीय ऑनलाइन बैठक असावी, जिथे जिल्ह्यातला रेडिओलॉजिस्ट मोठ्या केंद्रातल्या न्यूरोरेडिओलॉजिस्टला प्रतिमा दाखवू शकेल. 2012 पासून चालू असलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडकडे अशा बैठकांचा अनुभव आहे, त्यांची मदत मागता येईल.

यांतल्या बहुतेक गोष्टींना नवी इमारत लागत नाही. खर्च लागतो तो सर्व्हर, इंजेक्टर आणि पाठपुराव्याच्या तपासण्यांचा, आणि एका नव्या यंत्राच्या किमतीपुढे त्याची सुरुवात तरी जड जाऊ नये. परिपत्रकाचा मसुदा करायला राज्यातले रेडिओलॉजिस्ट, न्यूरोसर्जन आणि कर्करोगतज्ज्ञ येतील, मी त्यांच्यापैकी अनेकांशी बोलले आहे. पुढच्या यंत्राच्या उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी आपण दोघांनी मिळून ही बैठक बोलवावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक रेडिओलॉजिस्ट